उंदरिणीचे तीन प्रश्न

मूठभर दाणे द्यायचे आणि त्याआधी भुकेल्याला आरोपीसारखं उभं करायचं, असे लोक तुम्ही पाहिले असतील, मुलांनो. वर ते स्वतःला दानशूरही म्हणवतात!

एका माळरानालगतच्या ज्वारीच्या शेतात, बांधाच्या पोटात, एक उंदरीण आपल्या पाच पिल्लांसह राहत असे. मोठी कष्टाळू. कापणीनंतर शेतात गळून राहिलेली कणसं वेचून तिने बीळ गच्च भरलं. त्या वर्षी रानात खायला फारसं उरलं नव्हतं, म्हणून शेजारी तिच्या दाराशी येऊ लागले. द्यायला तिची ना नव्हती. पण जो लायक असेल त्यालाच द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. ती प्रत्येकाला तीन प्रश्न विचारी : "सुगीत काय करत होतास? साठवलं का नाहीस? आणि पुन्हा मागायला येणार नाहीस ना?"

पंख दुखावलेला होला तिसऱ्या प्रश्नाला अडखळला. खोटं बोलणं त्याला जमेना. तो उपाशीच परतला. साळिंदराला तर तिने एकही प्रश्न विचारला नाही. "अंगावर एवढे भाले घेऊन हिंडतोस आणि दाणे मागतोस? लाज नाही वाटत?"

"भाले खाता येत नाहीत, बाई," एवढंच म्हणून तोही निघून गेला. दाणा कुणालाच मिळाला नाही. पण आपला न्याय चोख आहे, याचं उंदरिणीला फार समाधान वाटे.

एके सकाळी शेतकऱ्याने हरभऱ्यासाठी पाटाचं पाणी सोडलं आणि बघता बघता बीळ भरलं. एकेक पिल्लू तोंडात धरून उंदरिणीने टेकाडावर नेलं. धान्य मात्र गेलं. दुपारपर्यंत पिल्लांनी भुकेने आकांत मांडला. समोरच साळिंदराचं बीळ होतं. आत तो आणि होला उकरून आणलेले कंद नि रानबिया खात होते. दारातूनच ती घाईघाईने सांगू लागली, "दादा, सुगीत मी एक दिवस बसले नाही. साठवलंही होतं. पुन्हा कधी..."

"पोरं किती?" साळिंदराने मधेच विचारलं.

"पाच."

"मग सहा जणांचं लागेल. होल्या, सरक जरा."

उंदरिणीला वर बघवेना. तेवढ्यात दारावरून एक गोगलगाय चालली होती. साळिंदराने तिलाही आत बोलावून कंद पुढे केला. दहा दिवसांपूर्वी ती उंदरिणीकडे जायला निघाली होती. "अगं बाई!" गोगलगाय म्हणाली, "वाटभर तिन्ही उत्तरं पाठ करत आले. आता ती म्हणून कुणाला दाखवू?"

तात्पर्य : घास मिळायला भूक एवढी एकच लायकी पुरे असते.