राजेसाहेबांची डिझेल लॉरी आणि खाणीवरची हौसा

हिरडगडच्या राजेसाहेबांनी फर्मान काढलं की संस्थानच्या पाचही पेट्रोल लॉऱ्या भंगारात काढायच्या, त्यांच्या ड्रायव्हरांना घरी बसवायचं आणि बंधाऱ्याचा दगड यापुढे फक्त डिझेलच्या लॉरीनं वाहायचा.

राजेसाहेबांचा हट्ट साऱ्या संस्थानाला ठाऊक होता. एकदा ते अमावास्येला चुकून पौर्णिमा म्हणाले, तर दरबारानं त्या अंधारात कोजागरीचं दूध आटवलं होतं. डिझेलची लॉरी त्यांनी मुंबईच्या प्रदर्शनात पाहिली. तिची धडधड ऐकून त्यांना पणजोबांचा तोफखाना आठवला. पणजोबांकडे तोफ एकच होती आणि तीही कधी उडाली नव्हती, पण आठवण व्हायची ती झालीच. त्यांनी जागच्या जागी एक लॉरी घेतली आणि आणखी चार सांगून ठेवल्या.

लॉरी येऊन आठ दिवस झाले होते आणि या आठ दिवसांत ती एकदाही बंद झाली नव्हती. दगड वाहून आली की राजवाड्याच्या अंगणात उभी राहून धडधडत राही. म्हशींनी दूध चोरायला सुरुवात केली, शास्त्रीबुवा कानात कापूस घालून पूजा सांगू लागले. राजेसाहेबांना मात्र ते संगीत वाटे.

पेट्रोल लॉरीवरचा ड्रायव्हर म्हादू, त्याची बायको हौसा. ती खाणीवर दगड भरायच्या कामाला होती. खाणीपासून बंधारा जेमतेम अर्धा कोस. त्यामुळे दिवसातून तीसचाळीस वेळा लॉऱ्या तिच्यापुढे येऊन थांबत, भरून घेत आणि निघत. फर्मान ऐकून म्हादूनं ताटावरून हात काढला. हौसानं त्याच्या वाटणीची भाकरीही खाल्ली, पदर खोचला आणि राजवाडा गाठला.

राजेसाहेब अंगणातच होते, आपल्या रेशमी रुमालानं लॉरीचं नाक पुसत. हौसानं गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी ते अर्धंच ऐकलं आणि लॉरीचे गुण सांगायला घेतले. ही दीडपट ओझं नेते, घाट न थकता चढते, शिवाय तेल कमी पिते. मग हातातली छडी त्यांनी हौसाकडे रोखली.

"हिला जमणार नाही असं एक काम सांग. सांगितलंस तर पाच पेट्रोलच्या राहतील, वर आणखी पाच घेऊ. नाही सांगितलंस तर नवऱ्याबरोबर तूही घरी."

अंगणात जमलेल्या दरबारी मंडळींनी माना खाली घातल्या. एवढ्या धिप्पाड यंत्राला न जमणारं काम कुठून आणायचं?

हौसानं लॉरीभोवती एक चक्कर मारली. मुंबईहून आलेल्या ड्रायव्हरला तिनं हळूच विचारलं, हिला बंद का करत नाही? तो उतरल्या चेहऱ्यानं लॉरीच्या हँडलकडे पाहू लागला. हौसाला तेवढं पुरलं.

"सरकार, हिला आज रात्री झोपवा," ती म्हणाली, "आणि उद्या दिवस उगवताना उठवून खाणीवर आणा."

"एवढंच?"

"आमच्या लॉऱ्या रोज एवढंच करतात."

राजेसाहेबांना हसू आवरेना. त्यांनी तिथल्या तिथे लॉरी बंद करवली.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातली कडाक्याची थंडी होती. पहाटेच ड्रायव्हर हँडल फिरवू लागला, मग तालमीतले दोन पैलवान आले. लॉरी खोकली, काळा धूर सोडला आणि गप्प झाली. तिच्या पोटाखाली शेगडी ठेवली. दिवाणांनी हत्तीकडून ढकलून घ्यायचं सुचवलं. हत्ती आला आणि दिवाणांच्याच पायावर पाय देता देता राहिला. शेवटी राजेसाहेबांनी स्वतः बाह्या सारल्या. हँडलनं असा उलटा झटका दिला की ते थेट शेगडीशेजारच्या राखेत बसले. कुणी हसलं नाही. सगळा दरबार समोरच्या आंब्याला मोहोर आलाय का ते पाहत राहिला.

ऊन डोक्यावर येऊ लागलं तेव्हा कुठे लॉरी धडधडली. तसेच राखेनं माखलेले राजेसाहेब तिच्यात चढले आणि वाजतगाजत खाणीवर पोचले.

"उठली की नाही? आणली की नाही? भर आता दगड."

खाणीवरच्या बाया सावलीला भाकरी खात होत्या. पाचही पेट्रोल लॉऱ्या एका रांगेत उभ्या होत्या आणि म्हादू चाकाला टेकून तंबाखू मळत होता. हौसानं हात धुतले.

"भरला असता, सरकार. पण दगड राहिलाय कुठं? फोडलेला सगळा केव्हाच बंधाऱ्यावर पडला. हिच्यात जोर आहे, मी नाही म्हणत नाही. चाळीस कोसांवरच्या स्टेशनाहून सिमेंट आणायला धाडा हिला, एकदा उठली की पोचेपर्यंत बसायचं नाव नको. इथं अर्ध्या कोसाच्या खेपा. हिला उठवेपर्यंत दिवस उठून जातो."

राजेसाहेबांनी डोक्यावरची राख झटकली. हट्ट मात्र झटकला गेला नाही. पेट्रोलवाली तेल जास्त पिते त्याचं काय, असं त्यांनी विचारलं.

"पिते ना. पण पिते ती कामावर. ही उभ्या जागी पिते, आणि पिऊन रात्रभर गावाला गाणं ऐकवते. सरकार, असा माणूस तुम्ही घरात ठेवाल का?"

दिवाणांनी डोळे मिटून घेतले. राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या. आता बाई संपली, असं म्हादूला वाटलं. पण मिशांमागून आधी एक हुंकार आला आणि मग असं हसू फुटलं की लॉरीची धडधडही त्यात बुडाली.

"ठेवलाय की!" राजेसाहेब पोट धरून म्हणाले. "सहा वर्षं झाली. आमचे मेहुणे!"

हौसाला खाणीची मुकादमी आणि जरीकाठी लुगडं मिळालं. सांगून ठेवलेल्या चार डिझेल लॉऱ्या रद्द झाल्या आणि पाच नव्या पेट्रोल लॉऱ्यांचा हुकूम सुटला. डिझेलची लॉरी त्याच दुपारी चाळीस कोसांवरच्या स्टेशनाकडे निघाली, आणि जाताना राजेसाहेबांनी मेहुण्यांना सामानासकट तिच्यात बसवून दिलं.