त्रेचाळीस विरुद्ध बेचाळीस

"तात्या, तुम्हीच सांगा. जिंकलं कोण?"

बादल अवघडेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारे शाहीर तात्याबा लोंढे अंगणात डफ उन्हाला धरून बसले होते. डफ तापेपर्यंत ते कुणाशी बोलत नसत, आणि बादलला तर धीर म्हणून माहीत नव्हता.

रविवारी दुपारी सांगलीतल्या हळदीच्या एका बंद गोदामात रॅपची लढत झाली होती. ना पोस्टर, ना परवानगी. एका बाजूला बादल, रॅपमधलं नाव वस्तरा. दुसऱ्या बाजूला मिरजेची मिनाज शिकलगार. शेवटी जमलेल्यांनी हात वर केले. मिनाजला त्रेचाळीस, बादलला बेचाळीस.

तेव्हापासून बादलच्या चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. एका पठ्ठ्यानं तर व्हिडिओतला आरडाओरडा मोबाइलवर मोजून काढला. बादलच्या ओळींना जास्त भरला. आता त्यातले दोघं फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून होते. शाहिरांनी नुसतं 'बादल' म्हणायचं, की ते सगळीकडे फिरवायला ही मंडळी मोकळी.

"दाखव ती लढत," डफ तापल्यावर शाहीर म्हणाले.

बादलनं मोबाइल पुढे धरला. पडद्यावर मिनाज बोलत होती. शाहिरांनी बोट टेकवलं. चित्र थांबलं.

"तिच्या मागं हे कोण पुटपुटतंय?"

"मीच की. माझ्या पुढच्या ओळी घोकत होतो. सगळेच घोकतात तात्या."

"ती काय म्हणाली?"

"काहीतरी... माझ्या नावावर होतं."

"काय?"

बादलनं मोबाइल खिशात घातला.

"आमच्या फडात एक रीत होती," शाहीर म्हणाले. "समोरच्याचा सवाल आधी आपल्या तोंडानं म्हणायचा. चुकला की खाली बसायचं. मग तुझा जवाब कितीबी झकास असूदे."

"म्हणजे मी हरलो?"

"तिचं पाठ करून ये."

बादलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पोरीनं एका हाताच्या फरकानं हरवलं, तिच्याच ओळी घोकायच्या? पण तो हट्टी होता, आणि हट्टी माणसाला 'तुला जमत नाही' हे ऐकवत नाही. फाटकाबाहेर येऊन त्यानं दोघांना घरी जायला सांगितलं.

"निकाल?"

"अजून नाही."

तीन दिवस टायरच्या दुकानात त्याच्या कानात मिनाजचाच आवाज होता. पहिल्या दिवशी तो तिच्या चुका शोधत होता. एक सापडली, तेव्हा केवढा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी कळलं की ती चूक नव्हती, त्यालाच नीट ऐकू आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी चाक खोलता खोलता तो तिच्याच ठेक्यात बोलू लागला, तशी मालकानं चमकून वर पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी तो अंगणात उभा राहिला. शाहिरांनी उन्हात तापवलेला डफ मांडीवर घेतला.

बादलनं सुरुवात केली. एकही शब्द न अडखळता पुढे गेला. मग दोन ओळी आल्या...

"शिकलगाराची लेक मी, मला धारेचं काय सांगतोस?
वस्तरा नाव लावलंस, पण कुणासाठी भांडतोस?"

तो थांबला.

शाहीरही थांबले. डफावरची बोटं तशीच राहिली.

"तात्या... इथं ती गप्प झाली होती. बराच वेळ. मला वाटलं, ओळ विसरली. म्हणून मी माझं सुरू केलं."

"आणि लोक?"

"माझ्या लोकांनी गोदाम डोक्यावर घेतलं." बादलनं मान खाली घातली. त्याला स्वतःची लाज वाटली. "ती मला विचारत होती. आणि मी घरून लिहून आणलेलं म्हणत सुटलो."



बादलनं खिशातून मोबाइल काढला. चाहत्यांचे एकशे बारा निरोप येऊन पडले होते. त्यानं एकही न उघडता तो बंद केला.

"आता तरी सांगा तात्या. ते त्रेचाळीस बरोबर होते, की हे बेचाळीस?"

शाहिरांनी डफ उचलून त्याच्या हातात दिला.

"ती पोरगी अजून जवाबासाठी थांबलीय."