ठकुआक्काची एकच वाकळ

फार वर्षांपूर्वी, म्हणजे हिवखिंडीच्या घाटात गाडीरस्ता नव्हता आणि माणसं भांडायलासुद्धा पायी जायची, तेव्हाची ही गोष्ट. साल कुठलं ते मला विचारू नका. साल ध्यानात राहिलं असतं तर मी तलाठी झालो असतो, गोष्टी कशाला सांगत बसलो असतो?

तर हिवखिंडीत ठकुआक्का नावाची बाई होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, राहायची दिराच्या घरी. पण वाकळ शिवावी तर आक्कानंच! वाकळ म्हणजे गोधडी हो. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर रचायचे, वर ठिगळं लावायची आणि टाक्यामागं टाका घालत जायचं. आक्काच्या वाकळीत निजलेल्या माणसाला उठवायला दोन माणसं लागायची, आणि त्यातला एक तिथंच आडवा व्हायचा, असं म्हणतात.

आता वाकळीला सुई-दोरा लागतो हे कुणीही सांगेल. पण त्याआधी लागते जागा. सगळी वाकळ भुईवर पसरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि एकदा अंथरली की टाके पुरे पडेपर्यंत उचलायची नाही. मधेच उचलली की आतले थर गोळा होतात. मग पोटावर ढीग आणि पाय उघडे. आणि आक्काला तर उभ्या गावात आपली म्हणावी अशी हातभर जागा नव्हती.

चुलीपुढं पसरली तर जाऊ कोंडाबाई ओरडायची, "भाकरी काय तुझ्या डोक्यावर थापू?" खळ्यावर पसरली तर खिंडीतला वारा आला, वाकळ उडाली आणि म्हशीच्या पाठीवर जाऊन बसली. म्हैस ती पांघरून सगळा बाजार हिंडून आली आणि नंतर परत देईना. देवळात पसरली तर बायका वाकळीलाच हळदकुंकू वाहायला लागल्या. देवाकडं कुणी बघेना, तेव्हा गुरवानं हात जोडून आक्काला बाहेर काढलं.

शेवटी आक्का गठुडं घेऊन चावडीवर गेली. चावडीला लागून एक ऐसपैस खोली होती. तिथं हैबतराव पाटील रोज जेवून तास-दोन तास घोरायचे. गावचा कारभार म्हणाल तर तेवढाच होता.

"पाटील," आक्का म्हणाली, "एक वाकळ शिवून होस्तवर ही खोली द्या. जास्त मागत न्हाई."

चावडीवर सगळं गाव जमलेलं. नाही म्हणावं तर मोठेपणा जातो! पाटलांनी मिशीला पीळ भरला. "दिली. पन एकच हां, आक्का. ती झाली की गठुडं उचलायचं."

"झाली की उचलते. शबुद म्हंजी शबुद."

पाटलांनी मनात हिशेब केला, आठ-पंधरा दिवस झाडाखाली झोपू. बिचारे!

आक्कानं खोली अशी मांडली की बघत राहावं. आधी पूर्वेच्या भिंतीला खिडकी पाडून घेतली. "उजेड नसला तर येळ लागतो," एवढं म्हणायचा अवकाश, पाटलांनीच गवंडी धाडला. मग भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर दोऱ्याच्या लडी, कोनाड्यात सुया. लाल चिंध्यांची दुरडी वेगळी, हिरव्यांची वेगळी, आणि ज्यांचा मूळ रंग देवालाही सांगता येणार नाही अशा धोतरांची वेगळी. सगळं लागल्यावर ती खोलीच्या मधोमध पाय पसरून बसली. दुसऱ्याच्या घरात बाई पाय आखडून बसते. वीस वर्षांत आक्कानं पाय पसरले नव्हते. तिला रडूच आलं. आणि तिथंच तिनं ठरवलं, की ही वाकळ काही संपवायची नाही.

आमच्याकडं वाकळीच्या चारही कोपऱ्यांना घास शिवतात. घास म्हणजे चिंधीची तिकोनी घडी. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणून. चार घास झाले की वाकळ पुरी. आक्कानं तीन घास महिन्याभरात शिवून टाकले. पण चौथा कोपरा जवळ आला की ती एक ठिगळ जोडायची आणि कोपरा हातभर पुढं सरकायचा.

पाटील रोज दुपारी दारात उभे. "झाली का?"

"होतच आली. कोपरा तेवढा ऱ्हायलाय."

वर्ष गेलं, तेव्हा पाटलांनी डोकं चालवलं. त्यांनी डोकं चालवलं की गावाला घाम फुटायचा. त्यांनी चावडीवरच्या चार रिकामटेकड्यांना सुया देऊन बसवलं आणि स्वतःही मांडी घातली. म्हणाले, "सगळ्यांनी मिळून लावा रेटा, चार दिसांत उडवू." अहो, उडवू कसली! पुरुष शिवायला बसलेत म्हटल्यावर बघायला सगळ्या बायका आल्या, आणि रिकाम्या हातानं कशाला यायचं म्हणून घरातल्या चिंध्या घेऊन आल्या. पाचजण जेवढं शिवायचे त्याच्या दुप्पट आक्का जोडायची. पाटलांचा पहिला टाका तर असा पडला, की त्यांचं धोतरच वाकळीला शिवलं गेलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांना उठता आलं नाही.

अशी सात वर्षं गेली. वाकळ दारातून बाहेर पडली, पायऱ्या उतरली, वरच्या आळीला वळसा घालून विहिरीपाशी आली. गल्लीत लोक चपला काढून चालायचे. पावसाळ्यात तिचं काय व्हायचं, असं एका शहाण्यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, बाबा, शंका असली की गोष्ट ऐकू नये, घरी जाऊन झोपावं.

मग एका पौषात थंडी पडली. काय ती थंडी! भर दुपारी शेकोटी पेटवली तर जाळच कुडकुडायचा, असं म्हणतात. म्हाताऱ्यांचे उरलेसुरले दात वाजायला लागले, आणि ज्यांना दात नव्हते त्यांचे गुडघे वाजायला लागले. नेमकी तेव्हाच पाटलांची लेक तुळसा पहिल्या बाळंतपणाला आली होती. दुपारी बाळ झालं आणि बघता बघता त्याची बोटं निळी पडली. घोंगडी घातली, लुगडी घातली, तरी ऊब येईना.

पाटील धावत खोलीच्या दाराशी आले आणि थांबले. पुरी न झालेली वाकळ उचलता येत नाही, आणि पुरी झाली की आक्काची खोली गेली. सात वर्षं रोज "झाली का?" विचारणारा माणूस, पण त्या दिवशी तो दाराची चौकट धरून उभा राहिला. डोळ्यांतून नुसतं पाणी.

"लेकराला थंडी वाजतीया?" आक्कानं विचारलं.

पाटलांनी मान हलवली.

आक्कानं एकदा खिडकीकडं बघितलं, खुंट्यांकडं बघितलं. तिला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर तिला त्या बाळाचा रागसुद्धा आला. मग तिनं आपल्याच पदराची चिंधी फाडली, तिकोनी घडी घातली आणि चौथा घास शिवला.

गावानं वाकळ उचलली. आधी तुळसाला नि बाळाला मधोमध घेतलं, आणि मग जो आला तो आत शिरला. बांधावरून भांडणारे भाऊ शेजारी शेजारी निजले. कोंडाबाई आक्काला चिकटून झोपली आणि घोरली. गुरव, कुत्री, शेळ्या, सगळे आत. ती म्हैस तर सगळ्यांच्या आधी शिरली होती. वरच्या आळीनं पांघरूण ओढलं की खालच्या आळीचे पाय उघडे, मग खालच्या आळीनं शिव्या देत परत ओढायचं. तीन दिवस, तीन रात्री सगळी हिवखिंडी एका वाकळीखाली होती, असं म्हणतात. बाळाची बोटं पहिल्याच दिवशी गुलाबी झाली.

चौथ्या दिवशी कडक ऊन पडलं. लोक डोळे चोळत उठले, तर आक्का खोलीत गठुडं बांधत होती. लडी उतरवल्या, सुया गुंडाळल्या, गठुडं काखेत मारलं.

"कुटं निघालीस?" पाटलांनी विचारलं.

"वाकळ झाली, पाटील. शबुद म्हंजी शबुद."

आक्का उंबऱ्याशी पोचली. पाटलांनी डोक्याचा फेटा काढला. गावात कुणी त्यांचं उघडं डोकं कधी पाहिलं नव्हतं, ते असं पांढरं होतं की पोरं हसली. पाटलांनी फेटा सोडला, भुईवर घड्या घालून पसरला आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"ती वाकळ गावानं नेली," ते म्हणाले. "माझ्या नातवाची शिवायची ऱ्हायलीया. अंथरली बघ. आता टाके पडल्याबिगर उचलता येत न्हाई. आनि आक्का, मी लई सावकाश शिवतो."

आक्का हसायला लागली, आणि हसता हसता गठुडं खाली ठेवून पुन्हा मधोमध पाय पसरून बसली. ती शंभर वर्षं जगली, असं म्हणतात. पाटलांचा टाका शेवटपर्यंत सरळ पडला नाही.

ती खोली आजही आहे. तिला आक्काची खोली म्हणतात. हिवखिंडीतल्या पोराचं लग्न ठरलं, की हळदीच्या आदल्या दिवशी त्याला तिथं नेऊन बसवतात आणि टाक्यांची एक ओळ घालायला लावतात. ओळ वाकडी गेली तर मुलीकडचे पोट धरून हसतात, पण लग्न मोडत नाहीत. नाहीतर गावात एकाचं लग्न झालं नसतं, माझं तर नाहीच. आणि एरवी वर्षभर त्या खोलीला कुलूप नसतं. घरात जिला जागा नाही अशी कुणीही बाई आपलं गठुडं घेऊन येते, खिडकीपाशी पाय पसरून बसते आणि शिवायला लागते. किती दिवस बसणार, हे तिला कुणी विचारत नाही.