खाल्ल्या मिठाची परतफेड

“परदेशी चाकराने एकाच धन्याचं मीठ खावं, आणि का म्हणून विचारू नये!”

युरोपातल्या चिमुकल्या लिंडमार देशात हेमांगी उतरली, त्याच दिवशी हसुरामकाकांनी तिला हा नियम ऐकवला. काका तिथल्या ड्यूकच्या राजवाड्यातले जुने आचारी. नियमाचा जन्मही त्यांच्याच तोंडून झालेला! तरुणपणी ते ड्यूकला मोठ्या कौतुकाने म्हणाले होते, “आमच्या उरणकडे माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, महाराज.” ड्यूकला ते इतकं आवडलं, की त्याने त्याचा कायदाच करून टाकला. तोही फक्त परदेशी चाकरांसाठी! तेव्हापासून काका आणि त्यांच्या बरोबरीची म्हातारी मंडळी एका मिठावर दिवस काढत होती, आणि वर मिशांना पीळ देत होती.

हेमांगीचं एका मिठावर भागत नव्हतं. सकाळी ती राजवाड्यात पाव भाजायची. दुपारी नदीवरचा पूल ओलांडून शेजारच्या वाल्टा देशात जायची आणि यान नावाच्या काचवाल्याच्या भट्टीपुढे, लांब नळीतून फुंकर घालत काचेचे पेले घडवायची. पाव सोडावा, तर राहायचं कुठे? वाल्टात परदेशी माणसाला मुक्कामाची मुभा नव्हती. काच सोडावी, तर जगायचं कशाला? नळीच्या टोकाला लालबुंद काचेचा गोळा फुगू लागला, की तिला स्वतःचं नावही आठवत नसे.

हे गुपित गुपितच राहिलं असतं. पण तिचं तोंड!

एका मेजवानीत ड्यूकने पाहुण्यांसमोर निळा पेला उंचावला. “बघा! खास वाल्टाहून आणवलाय. असा कारागीर आपल्याकडे जन्मायचा नाही!”

पावाची टोपली घेऊन उभी असलेली हेमांगी पटकन बोलून गेली, “बूड जरा वाकडं झालंय, महाराज. पुढचा नीट करीन.”

सगळे चमचे जागच्या जागी थांबले.

“म्हणजे?” ड्यूक गरजला. “तू दोन धन्यांचं मीठ खातेस?”

“जेवण दोन्हीकडे अळणी नसतं, महाराज.”

ड्यूकचे कान तांबडे झाले. “मग ऐक! येत्या रविवारी माझं मीठ माझ्या ताटात परत ठेव, आणि त्या काचवाल्याचं त्याच्या ताटात. इकडचा कण तिकडे गेलेला चालणार नाही! जमलं तर खुशाल दोन्ही कामं कर. नाही जमलं, तर दोन्ही सोड आणि चालू लाग आपल्या देशी!”

खाल्लेलं मीठ परत करायचं! स्वयंपाकघरात काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

“अगो, जा, पाय धर त्यांचे!”

“पाय धरले की हात अडकतात, काका. मला ते कामाला हवेत.”

त्या आठवड्यात हेमांगीने एक विचित्र गोष्ट केली. राजवाड्यात एक एप्रन आणि रुमाल, काचभट्टीवर दुसरा एप्रन, दुसरा रुमाल. इथलं तिथे न्यायचं नाही, आणि काहीच धुवायचं नाही!

“पोरी, वास येतोय गो!” काका नाक धरून म्हणाले.

“येऊ दे. तुमच्या नियमालाही येतो. कुणी बोलतं का?”

शनिवारी तिने दोन्ही एप्रन वेगवेगळ्या पातेल्यांत थोड्याशा पाण्यात पिळून काढले. पाणी गाळलं, पसरट ताटल्यांत ओतलं आणि भट्टीच्या उबेवर ठेवलं. तिच्या वडिलांचं मिठागर होतं. खारं पाणी आटलं की मागे काय उरतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. रुमाल मात्र तिने तसेच ठेवले.

रविवारी दरबार खचाखच भरला. वाल्टाहून यानलाही बोलावलं होतं. हेमांगीने एक ताटली ड्यूकपुढे सरकवली, दुसरी यानपुढे. दोन्हींच्या तळाशी करड्या रंगाची चिमूट.

ड्यूकने बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. “खारट! मीठच आहे हे. पण लबाड मुली, हे आमच्या कोठीतलं!”

“कोठीतलं नाही, महाराज. माझ्या अंगातलं!” तिने रुमाल झटकून पसरला. कापडावर पांढऱ्या रेघाच रेघा. “तुमच्या पावाच्या भट्टीपुढे गाळलेला घाम आहे तो!”

ड्यूकने जीभ बाहेर काढली आणि बाहीला खसाखसा पुसली! यानने तेवढ्यात आपली ताटली हळूच लांब सरकवली. “माझं मला पोचलं. चाखायची गरज नाही.”

“थांब!” ड्यूक अजून हार मानत नव्हता. “पुलावरून चालताना घाम येतच असेल. तो कुणाचा?”

“तो माझा मला, महाराज! पुलावर मी कुणाची चाकर नसते.”

ड्यूकच्या ओठाचा कोपरा हलला. मग दुसरा हलला. आणि मग तो असा हसत सुटला, की डोक्यावरचा केसांचा टोप घसरून नाकावर आला!

“कायदा रद्द!” टोप सावरत तो ओरडला. “पुलाच्या दाराची किल्ली हिला द्या, हवं तेव्हा ये-जा करू दे! आणि मुली, मेजवानीचे सगळे पेले तूच करायचे. बूड सरळ हवं हं!”

बाहेर येताच म्हाताऱ्या मंडळींनी तिला घेरलं.

“जिंकलीस, गो!” काका गहिवरून म्हणाले. “आता तू आपणहून ती काच सोडून दे. महाराजांनी एवढा मोठेपणा दाखवला. खाल्ल्या मिठाला जाग.”

“नाही सोडणार.”

“अगो, पण आम्ही जन्मभर त्यांचं मीठ...”

“तुम्ही तर रोजच्या रोज परत करत आलात, काका. सगळ्यांनी जरा आपापली कॉलर बघा!”

एवढं बोलून ती किल्ली फिरवत पुलाकडे निघाली. यानची भट्टी पेटायची वेळ झाली होती.

म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या कॉलरी पाहिल्या. पांढऱ्या रेघा, एकीवर एक. हसुरामकाकांनी इकडेतिकडे पाहिलं, आपल्या कॉलरचं टोक ओढलं आणि हळूच त्याला जीभ लावली.