ज्याचा खूर, त्याची पाटी

त्या माळावर हरणांना पळायला शिकावं लागे. लांडग्यांना ते उपजतच येई, शिवाय त्यांना परीक्षाही नसे. म्हणून हरणांच्या पूर्वजांनी माळाच्या मधोमध, उंच खडकाच्या आडोशाला एक धावशाळा काढली होती. तीन पावसाळे तिथे शिकायचं, शेवटची दौड पुरी करायची आणि पश्चिमेच्या कुरणात चरायचा हक्क मिळवायचा, असा शिरस्ता होता. दौड न देणाऱ्याला जन्मभर खुरट्या गवतावर भागवावं लागे.

शाळेची एक जुनी रीत होती. दर महिन्याला प्रत्येक विद्यार्थ्याने धावून यायचं आणि ओल्या मातीच्या पाटीवर चारही खूर उमटवायचे. समोर बसलेला साळिंदर आपल्याच पाठीचा एक काटा उपसून ठशांखाली शेरा कोरायचा. कोणता पाय मागे पडतो, दम कुठे तुटतो, कशाच्या आवाजाने छाती धडधडते, सगळं त्यात यायचं. पाटी वाळली की गुहेत रचली जाई. गुरुजींना उणीव कळावी आणि त्यांनी ती भरून काढावी, एवढाच त्यामागचा हेतू. पळणाऱ्याची उणीव म्हणजे त्याचा जीवच, हे पूर्वज जाणून होते. त्यांनी गुहेच्या दारावरच्या शिळेवर कोरून ठेवलं होतं : ‘ज्याचा खूर, त्याची पाटी. त्याच्या होकाराशिवाय ती कोणी पाहू नये.’ वयात आलेल्या हरणाची पाटी त्याच्या आईलाही दाखवत नसत. आया कुरकुरायच्या, पण मनातून त्यांना या नियमाचा अभिमान वाटे.

काजळी ही तिसऱ्या वर्षाची हरिणी. मागच्या साली तिच्या मागच्या उजव्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. काटा निघाला, पण उजवीकडे झपकन वळताना तो पाय अजूनही दगा देई. हे तिच्या आईला ठाऊक होतं आणि पिवळी नावाच्या तिच्या जिवलग मैत्रिणीला. आणखी कुठे याची नोंद असलीच तर ती गुहेतल्या पाटीवर, असं ती धरून चालली होती.

एका सकाळी पाणवठ्यावर तिला कोल्हा भेटला. कोल्ह्याचा शाळेशी तसा काही संबंध नव्हता. तरी ‘शाळेचा हितचिंतक’ म्हणून तो हल्ली खडकाभोवती फार घुटमळत असे.

“काय गं काजळे, डावा पाय काय म्हणतो?” त्याने मोठ्या मायेने विचारलं.

“बरा आहे,” ती म्हणाली आणि पाणी न पिताच मागे फिरली.

तिचा डावा पाय जन्मात कधी दुखला नव्हता. आईने सांगितलं असतं तर उजवा म्हणून सांगितलं असतं, पिवळीनेही तेच. डावा म्हणणारा एकच जण असू शकत होता. साळिंदर समोर बसून लिहितो. समोर उभ्या असलेलीचा उजवा पाय त्याच्या डाव्या हाताला येतो. म्हणजे पाटीवर चुकीचं कोरलं गेलं होतं, आणि ते चुकीचं कोरलेलं कोल्ह्याने वाचलं होतं. काजळीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ती तडक गुहेपाशी गेली. “काका, माझी पाटी दाखवा.”

साळिंदराने काटे फुलवले. “पाटी गुप्त असते, बाई.”

“कोणापासून?”

“सगळ्यांपासून. दारावर लिहिलंय ना? नियम म्हणजे नियम.”

“दारावर, माझी पाटी माझी, असं लिहिलंय.”

“तुझीच आहे ती. नाही कोण म्हणतंय? पण तू बघणार, मग हे खोडा, ते पुसा म्हणणार. आम्ही किती जणांचं ऐकायचं?”

काजळीची नजर गुहेच्या जमिनीवर गेली. धावशाळेत पहिल्या वर्षी माग वाचायलाच शिकवतात. तिथल्या धुळीत खुराचा एकही ठसा नव्हता. होते ते पंजे. कोल्ह्याचे छोटे पंजे पुढे चाललेले, आणि त्यांच्या मागून मोठे, रुंद, नखं खोल रुतलेले. ते पंजे पाट्यांच्या प्रत्येक रांगेपुढे थांबले होते. एके ठिकाणी तर धुळीत शेपटीची कमान उमटली होती. कोणीतरी तिथे ठाण मांडून निवांत वाचत बसलं होतं.

“इथे कोण आलं होतं?” तिने विचारलं.

“झाडायचं राहून गेलंय,” साळिंदर म्हणाला.

शाळेचे आचार्य म्हणजे एक वृद्ध काळवीट. त्यांची शिंगं इतकी वाढली होती की मान खाली करून विद्यार्थ्याकडे पाहणं त्यांना जड जाई. त्यांनी काहीच नाकारलं नाही. उलट समजावून सांगितलं. “शाळेच्या कामाशी ज्यांचा रास्त संबंध आहे त्यांना पाट्या पाहता येतात. गेल्या साली सभेने तसं शिळेच्या मागच्या बाजूला कोरून घेतलंय.”

“लांडग्यांचा कसला रास्त संबंध?”

“हरणांच्या पळण्याशी लांडग्यांचा संबंध नाही म्हणतेस?” आचार्यांनी शांतपणे विचारलं. “मग आपण पळतो तरी कशाला? शिवाय उत्तरेच्या झऱ्यावर ते आता शाळेला पाणी पिऊ देतात. हे तुम्हा पोरांना दिसत नाही.”

“मला माझी पाटी परत हवी.”

“तशी सोय नाही. पाटीत चूक असेल तर अर्ज कर. पाटी चुकीची आहे, एवढंच लिही. पुढचं आम्ही बघू.”

कुंपण शेत खात होतं आणि वर शेताकडूनच अर्ज मागत होतं. काजळीने अर्ज केला. तेवढंच करण्यासारखं होतं. मग ती एकेका सोबत्याला गाठून सांगत फिरली. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी कान हलवले आणि चरायला लागले. पिवळी तर हसली.

“तुझं आपलं काहीतरीच! वाचू देत की. माझ्याकडे काय लपवण्यासारखं आहे?”

चढावर पिवळीचा दम तुटायचा. हे तिने रडत रडत फक्त गुरुजींना सांगितलं होतं आणि गुरुजींनी भल्या मनाने पाटीवर कोरून घेतलं होतं. काजळीला वाटलं, हिला एक सणसणीत ढुशी द्यावी. पण तिने पिवळीच्या मानेवरची कुसळं तेवढी काढली आणि गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचा तिला पुढे फार राग आला.

शेवटच्या दौडीचा दिवस उजाडला. खडकापासून निघून, माळाला वळसा घालून पुन्हा खडकापाशी यायचं, एकेकट्याने. आजवर लांडगे पाठीवर येत, आणि चांगलं पळणारा वाचत असे. त्या दिवशी पाठीवर कोणीच नव्हतं. पिवळी सपाटीवरून वाऱ्यासारखी गेली, दोन्ही वळणं तिने सहज घेतली, आणि खडकावरून पाहणारे वाहवा करू लागले. चढ निम्मा झाला तसा तिचा दम तुटला. ती क्षणभर थांबली. नेमकी तिथेच करवंदीची जाळी होती. तिच्यातून एक लांडगा उठला. तो धावलासुद्धा नाही. आधी त्याने जांभई दिली, मग चार पावलं चालला.

आचार्य शिंगं सावरत दुसरीकडे पाहू लागले. साळिंदराने पुढचं नाव पुकारलं. “काजळी.”

पिवळीपर्यंत जायला दुसरी वाट नव्हती, म्हणून ती पळाली. भीती तिच्या मनात नव्हतीच, संताप तेवढा होता. डाव्या वळणाला बाभळीखाली एक लांडगा दबा धरून होता. काजळी अडखळेल त्या जागेवर त्याने अचूक उडी घेतली. काजळी अडखळली नाही. लांडगा तोंडावर आपटला आणि कोणीतरी फसवल्यासारखा तिच्या मागे बघत राहिला.

ओढ्याचं उजवं वळण खडकाच्या आड होतं. वरून ते कोणाला दिसत नसे. तिथे मात्र तिच्या पायाने दगा दिला. ती कोलमडली, नाकपुड्यांत माती गेली. तिने डोळे गच्च मिटून घेतले आणि वाट पाहिली.

कोणी आलं नाही. त्या वळणावर कोणी बसलंच नव्हतं.

मग तिला सगळं कळलं, आणि कळल्यावर ती ओक्साबोक्शी रडली. साळिंदराच्या चुकीने ती वाचली होती. पिवळीची पाटी अगदी बरोबर होती.

चढावरचा लांडगा पाठमोरा होता आणि त्याला मान वर करायला सवड नव्हती. काजळी त्याच्याजवळून गेली. पिवळीकडे तिने पाहिलं. पुढची सगळी वाट तिने लंगडणं गिळून, चारही पाय सारखे टाकत पार केली.

खडकापाशी शेवटच्या ठशासाठी ओली पाटी मांडली होती. आचार्य उभे होते. दौड पुरी करून आलेले दोघे-तिघे धापा टाकत बाजूला होते. मागे सावलीत कोल्हा होता. साळिंदर आज भलताच खुशीत दिसत होता.

“अभिनंदन! आणि हे बघ, तुझा अर्ज मंजूर झालाय. आचार्यांनी जातीने लक्ष घातलं. आता तुझी पाटी अगदी बिनचूक करून टाकू.” त्याने काटा मातीवर टेकवला आणि वर पाहिलं. “कोणता पाय म्हणालीस?”

सावलीतल्या कोल्ह्याचा एक कान इकडे वळला.

काजळी ओल्या मातीपुढे उभी राहिली. मग तिने पुढचे पाय मुडपले, मागचे पोटाखाली घेतले आणि आचार्यांच्या देखत खाली बसली. चार पायांतला एकही दिसत नव्हता.

“ऊठ,” आचार्य म्हणाले.

ती उठली नाही. बाजूला धापा टाकणाऱ्यांपैकी एकाने कोल्ह्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि तोही पाय पोटाखाली घेऊन बसला. मग दुसरा बसला. खडकावर ज्यांची नावं अजून पुकारायची होती ते एकेक करून खाली आले आणि त्यांच्या शेजारी बसत गेले. साळिंदर काटा उचलून थांबला होता. ऊन चढलं, आणि त्याच्यापुढची माती कोरीच वाळून तडकू लागली.