सारजाचं कोडं

“अजून किती वाट बघायची, आक्का?”

अच्युतने हे विचारलं तेव्हा रेवाआक्का परातीतले फुटाणे निवडत होत्या. खडे एका बाजूला, फुटाणे एका बाजूला.

“कशाची?”

“सारजामावशींची. सगळ्या गावाला कोडं सुटलं. त्या एकट्या राहिल्यात.”

“मग बघायची वाट.”

“पण कधीपर्यंत?”

“तिला सुटेपर्यंत.”

...

पिंपरवाडीच्या टेकडीवरच्या त्या मठात भजन होत नसे, प्रवचनही होत नसे. दिवेलागणीला माणसं ओट्यावर जमत आणि आक्का कोडं घालत. एकच. ते सगळ्यांना सुटल्याशिवाय दुसरं नाही.

उत्तर सुचलं की आक्कांच्या कानात सांगायचं. बरोबर असलं तर आक्का काही न बोलता ओंजळीत फुटाणे घालत, आणि त्या माणसाने उत्तर पोटात ठेवायचं. चुकलं, तर मात्र आक्का ते सगळ्यांना मोठ्याने सांगत, आणि मग त्यावर ज्याला जे बोलायचं ते तो बोले.

“चुकलेलं उत्तर सगळ्यांचं,” आक्का म्हणत, “बरोबर उत्तर ज्याचं त्याचं.”

अच्युत शहरातून आला होता. एका साप्ताहिकात त्याची शब्दकोडी छापून येत. वाचक पत्रं लिहीत, की तुमच्या कोड्यातली दोन-चार घरं शेवटपर्यंत रिकामीच राहतात. अशी पत्रं तो जपून ठेवायचा. आक्कांची कीर्ती ऐकून तो लांबलचक रजा टाकून शिकायला आला, आणि पहिल्याच संध्याकाळी, कोडं पुरतं सांगून व्हायच्या आत त्याने उत्तर ओळखलं. फुटाणे त्याने उभ्याउभ्याच खाल्ले.

आक्कांचा आवाज आता बसत चालला होता. पाडव्याला त्या म्हणाल्या होत्या, “हे माझं शेवटचं. पुढचं कोडं मी सांगेन तो घालील. ओट्यावरची ही जागा मग त्याची.”

अच्युतला ती जागा हवी होती. कोडंही तयार होतं. पण रजा रविवारी संपत होती, आणि सारजाला कोडं काही सुटायचं नाव घेत नव्हतं.

कोडं असं होतं:

दिवसभर करी आत-बाहेर,
कधी न सोडी आपुले घर.
पाहुणा दिसता बाजूस सरे,
चोर दिसता उभेच उरे.

उत्तर साधं होतं. दार.

...

त्या संध्याकाळी सारजा धापा टाकत टेकडी चढून आली. हात पदराला पुसले आणि आक्कांच्या कानाशी वाकली.

आक्का हसल्या. “सारजा म्हणते, सून.”

ओट्यावर एकच हशा पिकला. गेनू सुताराने तर मांडीवर थाप मारली. “सून गं कशी?”

“का? दिवसभर आत-बाहेर करती. घर सोडून जात न्हाई. पाव्हणा आला की कडंला सरती.”

“आणि चोर आला की?”

“आमच्याकडं आला हुता तवा मालक कणगीमागं दडलं हुतं,” सारजा म्हणाली. “खुरपं घिऊन मीच उभी हुते.”

पुन्हा हशा. मग एका म्हातारीने आपल्या सासूची गोष्ट काढली. तिच्यावरून गेनूने आपल्या भावजयीची काढली, आणि त्याची बायको त्याला कोपराने ढोसत राहिली. समईत दोनदा तेल घालावं लागलं.

याआधी सारजा ‘मांजर’ म्हणाली होती. एकदा ‘श्वास’ म्हणाली होती. त्या दिवशी बराच वेळ कुणी काही बोललंच नव्हतं.

अच्युत भिंतीला टेकून बसला होता. आणखी एक दिवस वाया गेला, एवढंच त्याच्या मनात होतं.

...

शनिवारी सकाळी तो नदीच्या वाटेवर जाऊन उभा राहिला. सारजा धुण्याचं बोचकं डोक्यावर घेऊन उतरत होती. ओठ हलत होते. कोडंच म्हणत होती.

“मावशी, एवढं काय अवघड आहे हो त्यात?”

“आवघड कुठं म्हनते मी? बरं वाटतं. धुनं आपटताना चाल चांगली बसती त्याला.”

“मला सांगा, रात्री झोपायच्या आधी तुम्ही कडी कशाला लावता?”

सारजा थांबली.

“आणि पाहुणा आला की काय ढकलून आत येतो?”

“दार व्हय?”

“मी काही सांगितलेलं नाही हं,” अच्युत म्हणाला.

तिने डोक्यावरचं बोचकं सारखं केलं आणि ती पुढे चालू लागली. अच्युत वळणापर्यंत बघत होता. आता तिचे ओठ हलत नव्हते.

...

संध्याकाळी सारजा आली ती हळूहळू. आक्कांच्या कानात बोलली.

आक्का तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी परातीत हात घातला आणि तिची ओंजळ भरली.

“सुटलं!” गेनू ओरडला. “अरे, सारजीला सुटलं!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अच्युतने सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या. त्याच्या कोड्याची पहिली ओळ ओठांवर आली होती.

पण सारजा खाली बसली नाही. माणसांमधून वाट काढत ती अच्युतपाशी आली आणि ओंजळीतले सगळे फुटाणे तिने त्याच्या हातात ओतले.

“घे बाबा. तुजं हायती.”

टाळ्या थांबल्या.

“सारजा, बस की,” आक्का म्हणाल्या.

“बसून काय करू? कळलं न्हवं आता.”

“आवडलं नाही उत्तर?”

“आवडायला काय... दार हाय म्हनं.”

उत्तर मोठ्याने उच्चारायचं नाही, हा मठाचा नेम. पण तिला कुणी अडवलं नाही.

“मला वाटत हुतं,” सारजा म्हणाली, “मानूस असंल.”

ती टेकडी उतरून गेली. खाली पायवाटेवर तिच्या वहाणांचा आवाज बराच वेळ येत होता.

...

“आक्का, मी उत्तर सांगितलं नाही,” अच्युत म्हणाला. “शपथ घेतो. मी तिला फक्त दोन प्रश्न विचारले.”

“चांगले होते?”

“काय?”

“प्रश्न.”

“तिला लगेच समजलं,” तो म्हणाला.

“हं.”

“आणि कधीतरी सुटायचंच होतं ना ते? एका माणसासाठी सगळ्यांनी किती...” त्याने ओट्याकडे पाहिलं. सगळे त्याच्याचकडे बघत होते. कुणी रागावलेलं दिसत नव्हतं. गेनू सुतार सारजाची रिकामी जागा हाताने उगाच झाडत होता.

अच्युतने आवाज खाली आणला. “उद्या माझी रजा संपते, आक्का. माझं कोडं तयार आहे. सहजासहजी कुणाला सुटणार नाही असं आहे.”

“मला ठाऊक आहे. कोडी तू चांगली बांधतोस.”

आक्का भिंतीला धरून उठल्या. स्वतःच्या बसण्याचं घोंगडं त्यांनी उचललं, झटकलं, आणि पुन्हा नीट चौकोनी अंथरलं. बाजूला होऊन त्यांनी ते अच्युतला हाताने दाखवलं.

अच्युतने एक पाऊल टाकलं.

“थांब,” आक्का म्हणाल्या. “बस, पण आधी एक काम कर. सारजाचं कोडं तू घेतलंस. ते तिला परत देऊन ये.”

“परत?”

“हं.”

“पण... तिला आता उत्तर माहीत आहे, आक्का. ते तिच्या डोक्यातून कसं काढणार? माहीत झालेलं कोडं परत कसं देता येईल कुणाला?”

आक्का घोंगड्याच्या शेजारी, उघड्या दगडावर खाली बसल्या. परात मांडीवर ओढली आणि पुन्हा खडे निवडू लागल्या.

अच्युत फुटाण्यांची ओंजळ धरून तसाच उभा होता.

“आक्का?”

“सुचलं की कानात सांग,” आक्का म्हणाल्या. “आम्ही बसलोय.”