बोरमाळेचा गोंडा

ज्या काळी नद्यांवर पूल नव्हते आणि राजेसुद्धा होडीत बसूनच पैलतीरी जात, त्या फार जुन्या काळी एका नदीकाठी एक गाव होते. त्या गावात सोन्याची एक बोरमाळ होती. ती कोणा एकीची नव्हती. गावच्या नावाड्यांनी एका राणीला पुरातून सुखरूप पार नेले, तेव्हा राणीने ती आपल्या गळ्यातून काढून त्यांना दिली आणि म्हटले, "ही तुमच्या लेकींसाठी." तेव्हापासून गावातली प्रत्येक लेक, मग ती पाटलाची असो की कुंभाराची, लग्नाच्या दिवशी ती माळ घालून होडीत बसे आणि पैलतीरावरच्या सासरी उतरे. दुसऱ्या दिवशी माळ परत येई.

माळ सांभाळण्याचे काम सगुणाक्काकडे होते. या गोष्टीत सगुणाक्काचा वाटा कोणता, हे आधीच सांगितलेले बरे. तिने माळ बिघडवली नाही आणि बिघाड लपवलाही नाही. तिने फक्त एक नियम केला होता.

नियम असा, की जिच्या गळ्यात असताना माळ बिघडेल, तिच्या घरातल्या पुढच्या कोणत्याही लेकीला ती मिळणार नाही.

नियम कडक होता, हे सगुणाक्का स्वतःच अभिमानाने सांगे. "सोनं मऊ असतं," ती म्हणे, "म्हणून ते सांभाळणाऱ्यानं मऊ असून चालत नाही." आणि खरोखरच तिचा नियम झाल्यापासून माळ बिघडल्याची एकही तक्रार तिच्या उंबरठ्याशी आली नव्हती. माळ परत आली, की ती रिठ्याच्या पाण्याने मणी धुई, मऊ फडक्याने पुशी आणि उन्हाकडे धरून पाही. एखादा मणी किंचित चेपला असता, तरी तो तिच्या नजरेतून सुटला नसता.

गोंडा मात्र तिने कधी उलगडून पाहिला नाही.

माळेला मागच्या बाजूने, मानेवर, एक रंगीबेरंगी गोंडा होता. राणीने दिली तेव्हा तो नव्हता. तो कधी आला, हे सगुणाक्काला नक्की आठवत नव्हते. कोणा नवरीच्या मामीने हौसेने लावला असेल, असे तिने धरले होते; कारण माळ नवरीच्या गळ्यात घालायची ती मामीने, असा त्या गावचा रिवाज होता. गोंडा दरवर्षी थोडा थोडा वाढत गेला. आधी तो बोराएवढा होता, मग लिंबाएवढा झाला. लोकांना तो फार आवडे. आजूबाजूच्या गावांतल्या बायकांनी तर आपल्या साध्या मण्यांच्या माळांनाही तसेच गोंडे लावून घेतले. "आमच्या माळेचा गोंडा पाहिलात का?" असे सगुणाक्का पाहुण्यांना आवर्जून विचारी. जिची सगळे स्तुती करतात, ती वस्तू तपासून पाहावी, असे तिच्या मनात कधी आलेच नाही.

एका वर्षी कुंभाराच्या चिमाचे लग्न ठरले. गावातल्या लेकीचे लग्न म्हटले, की पैलतीरावर दिलेल्या सगळ्या लेकी माहेरी येत. तशा त्या आल्या. सगुणाक्काची वेणूही आली. सकाळी सगळ्यांसमक्ष चिमाला हळदकुंकू लावून सगुणाक्काने माळेचे तबक तिच्या हाती दिले. चिमा आपल्या घरी सजायला गेली, आणि माहेरवाशिणी सगुणाक्काच्या ओसरीवर बसून कुंकवात अक्षता रंगवू लागल्या.

थोड्याच वेळात अंगणातून धावतपळत कोणीतरी येताना दिसले. ती चिमाच होती. एका बाजूची मुंडावळी बांधलेली, दुसरी खांद्यावर लोंबणारी. हातात तबक. आणि तिच्या मागे धापा टाकीत तिची धोंडामामी.

"आक्का," चिमा म्हणाली, "फासा निघाला."

माळेची दोन टोके एकमेकांत अडकवणारा जो सोन्याचा आकडा, त्याला फासा म्हणतात. अक्षता रंगवणारे सगळे हात जागच्या जागी थांबले.

"काही निघालेला नाही!" धोंडामामी मागूनच ओरडली. "पोरगी घाबरलीय. तुम्ही अक्षता रंगवा, आक्का. मी हिला घेऊन जाते."

"मामी, हा बघ माळेच्या टोकाला, तोंड उघडून माझ्या हातात आलाय."

"मग मूठ मिटून घे की गं! मुठीतलं कोणाला दिसतंय?"

सगुणाक्काने मामीकडे असे पाहिले, की मामी तुळशीवृंदावनाच्या आड जाऊन उभी राहिली. मग ती चिमाकडे वळली.

"नियम ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक आहे, आक्का."

"घरी तुझ्या धाकट्या बहिणी आहेत."

"आहेत. जनी आणि सुभी. जनी तर आत्तापासूनच पाण्यात बघून मान वळवून दाखवते, माळ घातल्यासारखी."

"मग मामीचं का ऐकलं नाहीस?"

चिमाने खाली पाहिले. "ऐकलं होतं. मामीने दोरा बांधला. मी जोडवी घालायला नुसती वाकले, तर माळ घसरून ओंजळीत आली. होडीत चढताना वाकावंच लागतं, आक्का. तिथे खाली ओंजळ नसते, नदी असते. माळ गेली, तर जनीलाच काय, पुढे कोणालाच मिळणार नाही."

मुलीचे म्हणणे सगुणाक्काला पटले होते आणि मुलगी आवडलीही होती. परंतु आवडले म्हणून वाकवला, तर तो नियम कसला?

"खरं सांगितलंस, हे चांगलं केलंस," ती म्हणाली. "पण नियम माणूस पाहून बदलत नाही."

चिमा रडली नाही. तिने तबक ओसरीच्या कडेवर ठेवले आणि ती म्हणाली, "मग जनीला तुम्हीच सांगा, आक्का. माझ्याच्याने ते व्हायचं नाही."

हे वाक्य सगुणाक्काला टोचले. परंतु ती काटेकोर बाई होती, आणि काटेकोरपणाचा एक गुण असा, की तो पाहिल्यावाचून निकाल देऊ देत नाही. "बिघाड नेमका कुठे आहे, तो आधी पाहते," असे म्हणून तिने सुई मागवली, माळ मांडीवर घेतली आणि गोंड्याचा पहिला धागा उचकला.

तो कोरा पिवळा दोरा धोंडामामीचा होता, हे उघडच होते. त्याच्या खाली हिरवा निघाला. हिरव्याला एक नव्हे, एकावर एक घाईघाईने मारलेल्या गाठी होत्या. गोंडा असा करीत नाहीत. असे दोऱ्याने बांधून ठेवतात, ते मोडलेल्या वस्तूला.

"हा हिरवा कोणाचा?" सगुणाक्काने विचारले.

ओसरीवर कोणी हालेना. शेवटी कडेवर मूल घेतलेली, गोल चेहऱ्याची ठकू पुढे सरकली. हसू तिच्या पोटात मावत नव्हते.

"माझा आहे, आक्का. माझ्या मामीच्या चोळीच्या बाहीतून उसवून काढला होता. बिचारी दिवसभर दंडावर पदर धरून हिंडत होती. वरमाई तिला विचारत होत्या, 'तुम्हाला थंडी वाजतेय का हो?'"

कोणीतरी खुदकन हसले. आणि बांध फुटावा तशा सगळ्या एकदम बोलू लागल्या.

"जांभळा निघाला की सांगा, तो माझा!"

"तुझा कसला? जांभळा माझा. तुझा तो विटलेला, खालचा."

"विटलेला? रेशमी होता तो, नवा कोरा!"

"मला तर हिनेच सांगितलं होतं, मामीला म्हणावं दोरा आठवणीने आण म्हणून."

"आणि मला कोणी सांगितलं होतं? तूच ना?"

इतकी वर्षे जी गोष्ट प्रत्येकीने जिवापाड लपवली, तिच्यावर आता त्या हक्क सांगत होत्या. सगुणाक्काने तबकावर सुई धरलेली मूठ आपटली, तेव्हा कोठे शांतता झाली.

धागे सुटत गेले. सर्वांत आत, फाशाला चिकटून, एक पांढरा दोरा होता. जुना, मळून गेलेला.

"आणि हा?"

या वेळी कोणीच हसले नाही. वेणू खांबाशी बसून रंगवून झालेल्या अक्षता पुन्हा रंगवीत होती.

"वेणू?"

"माझा, आई."

सगुणाक्काचा हात थांबला. "तुझा? तू माझ्या घरात राहत होतीस. माझ्याच ताटात जेवत होतीस. मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

वेणू म्हणाली, "वाटलं होतं. उंबऱ्यापर्यंत आलेही होते. पण परक्यांच्या मुलींना तू एकदाच विचारलं असतंस, माळ कशी बिघडली म्हणून. मला जन्मभर विचारत राहिली असतीस."

ती हसून म्हणाली खरी, पण हातातल्या अक्षता तिच्या बोटांतून गळून गेल्या. सगुणाक्काने मान खाली घातली, आणि समोर दुसरे काही पाहण्यासारखे नसल्यामुळे ती फासाच पाहू लागली.

फासा मोडलेला नव्हता. तो झिजला होता. इतक्या लेकींनी तो अडकवला होता, इतक्यांनी काढला होता, की सोने घासत घासत केसाइतके बारीक झाले होते. ओढ बसली, की त्याचे तोंड उघडत असे. त्यात वेणूचा हात चुकला नव्हता, ठकूचा चुकला नव्हता आणि चिमाचाही नाही. ज्या गोष्टीसाठी शिक्षा ठेवली होती, ती गोष्ट कोणी केलेलीच नव्हती. आणि शिक्षेच्या भयाने मात्र प्रत्येकीने राणीची माळ एका दोऱ्याच्या भरवशावर नदीवर नेली होती.

सगुणाक्काला आठवले, की दर लग्नाला ती काठावर उभी राहून होडी निरखीत असे आणि मनात म्हणे, माझ्या नियमामुळे माळ किती सुरक्षित आहे!

"आक्का," ठकू हळूच म्हणाली, "नियमाने पाहिलं, तर ही माळ आता कोणत्याच घरात जायची नाही. तुमच्याही नाही. मला वाटतं, तुमच्या म्हशीला घालू या. तिच्यावर अजून कसला ठपका नाही."

सगुणाक्काने ओठ घट्ट मिटून घेतले. मग ते हळूहळू सुटले, आणि ती इतकी हसली, की डोळे पुसायला तिला पदराचे टोक पुरेना. तिला असे हसताना त्या लेकींपैकी कोणीही कधी पाहिले नव्हते. तुळशीवृंदावनाआडून धोंडामामीही बाहेर आली.

"सोनारबुवांना बोलवा," सगुणाक्का म्हणाली.

सोनारबुवा आले. त्यांनी फासा बोटावर धरून पाहिला. "हा असा कधीपासून आहे?"

सगळ्या छपराकडे पाहू लागल्या.

"मग मला आधी का बोलावलं नाही?"

"तुम्हाला बोलावलं असतं, तर आक्कांना कळलं असतं," ठकू म्हणाली.

"आक्कांना कळलं असतं, तर काय झालं असतं?"

सगुणाक्काने मुकाट्याने शेगडी त्यांच्यापुढे सरकवली. सोनारबुवांनी शेगडी फुलवली, तिच्यात सोन्याची बारीक तार तापवली, आणि नदीकाठून नावाडी पहिली हाक मारतो न मारतो, तोच नवा फासा डाग देऊन माळेला जोडला. धोंडामामीने तो अडकवला, ओढून पाहिला आणि आणखी एकदा ओढून पाहिला. चिमा वाकली. माळ गळ्यातच राहिली.

"पण गोंड्याशिवाय ती ओकीओकी दिसते हो," चिमा म्हणाली. तेव्हा सगुणाक्काने मांडीवरचे सगळे धागे, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत, एकत्र केले, त्यांचा नीट गोंडा वळला आणि फासा उघडा राहील, अशा बेताने तो त्याच्या खाली लोंबता बांधला.

चिमा होडीत बसण्यापूर्वी काठावरच नवा नियम ठरला. माळ देताना सांभाळणारी, मामी आणि नवरी या तिघींनी मिळून फासा उजेडात पाहायचा. जिला दोष दिसेल, तिने तो तत्काळ सांगायचा. आणि सांगितल्याबद्दल तिच्या घरातल्या पुढच्या लेकीला माळ सगुणाक्काने स्वतः वाजतगाजत नेऊन द्यायची. त्या हिशेबाने पहिला मान कुंभाराच्या जनीचा. जनीने तो लगेच, नदीच्या पाण्यात मान वळवून पाहात, मान्य केला. वेणूला नियम पसंत पडला. ठकूला पडला. माहेरवाशिणींनी एका सुरात होकार दिला. लग्नाच्या ऐन घाईत नव्हे, आदल्या दिवशी बोलवाल तर, या अटीवर सोनारबुवा कबूल झाले. पदरात दोरा बाळगायचा नाही, हे धोंडामामीने जरा नाखुशीनेच, पण मान्य केले. सर्वांत शेवटी सगुणाक्काने मान डोलावली, आणि मग वेणूचा हात हाती घेऊन ती होडी पैलतीराला लागेपर्यंत काठावर उभी राहिली.

तात्पर्य: दोष सांगणाऱ्याला जेथे शिक्षा मिळते, तेथे दोष नाहीसे होत नाहीत; ते केवळ दिसेनासे होतात.